२२ बाय २७ चं घर आणि एक कुलूपबंद कपाट

हे प्रकरण मालवण तालुक्यातल्या किनाऱ्यालगतच्या एका घराचं आहे. गाव आणि माणसांची नावं मुद्दाम दिलेली नाहीत. मी कुडाळात घरांचे नकाशे आणि दुरुस्तीची कामं करतो. हे काम नोव्हेंबर २०२३ मध्ये माझ्याकडे आलं. तेव्हा मागणी सरळ होती, "मागे दहा फूट वाढवून द्या." वाढवलं काहीच नाही.

पार्श्वभूमी

घर जांभ्या चिऱ्याचं, समुद्राकडे म्हणजे पश्चिमेकडे तोंड केलेलं. पुढे खळं, म्हणजे अंगण, मग २२ बाय ७ ची पडवी. तिच्या मागे १३ बाय ११ चं माजघर आणि त्याला लागून ९ बाय ११ ची आईंची खोली. मागे १३ बाय ९ चं स्वयंपाकघर आणि ९ बाय ९ ची कोठीची खोली. न्हाणी आणि संडास मागच्या दारी. आतल्या आत सगळं मिळून ५९४ चौरस फूट.

राहणारी माणसं पाच: ७८ वर्षांच्या आई, त्यांचे धाकटे चिरंजीव (मी त्यांना काका म्हणतो), काकी, कॉलेजात जाणारी मुलगी आणि बारावीतला मुलगा. थोरले भाऊ विक्रोळीत, मधले विरारला. वर्षभर पाच माणसांचं असलेलं हे घर चतुर्थीला एकोणीस माणसांचं होतं. १९ सप्टेंबर २०२३ च्या गणपतीत थोरल्यांचा जावई पहिल्यांदाच आला आणि त्याला दोन रात्री शेजाऱ्यांच्या पडवीत झोपावं लागलं. तिथून विषय निघाला.

घराच्या अंगावर दोन जुने निर्णय बसले होते, ते आधी सांगायला हवेत. पहिला २००९ चा. तोवर पडवी उघडी होती. लाकडी खांब आणि त्यांच्या मधे उभे गज, एवढंच. त्या वर्षी साडेतीन फूट भिंत घालून वर अॅल्युमिनियमच्या स्लायडिंग खिडक्या बसवल्या, काचांना काळी फिल्म. दुसरा निर्णय माणसांनी घेतला असं म्हणवत नाही, तो वादळाने घ्यायला लावला. मे २०२१ मध्ये तौक्ते किनाऱ्याला घासून गेलं आणि पुढच्या उताराची कौलं उडाली. पावसाळा तोंडावर. मिळाले ते कलरकोटेड पत्रे घातले गेले. पत्र्याखाली माजघर तापायला लागलं म्हणून आठ फुटांवर पीव्हीसीचं फॉल्स सिलिंग आलं. सिलिंगमुळे अंधार झाला म्हणून दोन ट्यूबलाइट आल्या. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते आणि दोन्ही ट्यूब चालू होत्या.

अडचण नेमकी कुठे

काकींनी पहिल्याच चहाला निदान केलं होतं, मला ते कळायला महिना लागला. त्या म्हणाल्या, "हयसर माणसां कमी नि सामान जास्ती."

मी माझ्या पद्धतीने मोजलं. दुसऱ्या भेटीत खडू घेऊन माजघरात प्रत्येक वस्तूभोवती जमिनीवर रेघ मारली. दोन लोखंडी कपाटं, ९ चौरस फूट. बॉक्सचा दिवाण, २४. टीव्हीचा शोकेस, साडेसात. तीन ट्रंका, ११. शिलाई मशीन, ३. शिवाय कपाटं दक्षिणेच्या भिंतीपासून तीन फूट पुढे ओढून ठेवलेली होती, कारण पावसाळ्यात त्या भिंतीला ओल येते. कपाटांच्या पाठीमागची ती सहा बाय तीनची पट्टी मी "निकामी, १८" अशी लिहून टाकली. तिथे एक पाट, एक उशी आणि भिंतीला चिकटवलेला कसलासा तक्ता होता. अडगळ असेल म्हणून पुढे गेलो. हा तपशील लक्षात ठेवा.

बेरीज साडेबहात्तर झाली. १४३ चौरस फुटांच्या खोलीत अर्धी जमीन झाकलेली. मग मी विचारलं, यातलं रोज लागतं काय? काकींची मशीन आणि त्यांचं एक कपाट. बाकी दुसरं कपाट थोरल्यांचं, त्याची किल्ली विक्रोळीत. दोन ट्रंका मधल्यांच्या. दिवाण थोरल्यांनी मुंबईतलं फर्निचर बदललं तेव्हा टेम्पोने आलेला. शोकेसही तसाच. कोकणात हे नवीन नाही. मुंबईत जागा नाही म्हणून गावाला पाठवायचं, आणि गावाला टाकवत नाही म्हणून ठेवायचं.

दुसरी मोजणी उजेडाची. राष्ट्रीय बांधकाम संहितेत दमट-उष्ण हवामानासाठी खिडक्यांचं क्षेत्र खोलीच्या जमिनीच्या किमान एक-षष्ठांश असावं असा दंडक आहे. कोरड्या-उष्ण प्रदेशाला एक-दशांश चालतो, आपल्याला नाही, कारण इथे वारा खेळला नाही तर भिंतीही घाम गाळतात. म्हणजे माजघराला साधारण २४ चौरस फूट खिडकी हवी. होती अडीच बाय तीनची, साडेसात चौरस फूट, आणि तीही त्या कपाटांच्या मागे.

तिसरी गोष्ट मोजता येत नव्हती, पण तीच सगळ्यात मोठी निघाली. पुढचं दार, माजघराचं दार, स्वयंपाकघराचं दार आणि मागचं दार, ही चारही दारं जुन्या माणसांनी एका रेषेत ठेवली होती. पडवीत उभं राहिलं की थेट मागची विहीर आणि माड दिसायला हवेत. दिसत होता फ्रीज. तो स्वयंपाकघराच्या दारात अर्धा आडवा होता, आणि त्याच्या अलीकडे प्लॅस्टिकच्या खुर्च्यांची चळत.

पर्याय

एक: मागे दहा फूट वाढवायचं. काकांनी गवंड्याकडून आकडा आणून ठेवला होता, साडेसहा लाख. पण पैशाआधीच दोन अडसर होते. घर भरतीरेषेपासून २०० मीटरच्या आत येतं. सीआरझेडच्या, म्हणजे किनारपट्टी नियमन क्षेत्राच्या, नियमात या पट्ट्यात जुनं अधिकृत घर दुरुस्त करता येतं, पुन्हा उभारताही येतं, पण जोत्याचं क्षेत्र आणि चटईक्षेत्र आहे तेवढंच ठेवून. १८ जानेवारी २०१९ च्या अधिसूचनेने हे अंतर ५० मीटरवर आणलं, पण ते दाट वस्तीच्या गावांना, म्हणजे २०११ च्या जनगणनेनुसार चौरस किलोमीटरला २,१६१ पेक्षा जास्त लोकवस्ती असलेल्यांना. हे गाव तेवढं दाट नाही. दुसरा अडसर सातबारा. जमिनीवर सतरा नावं. चुलते, आत्या, आत्यांची मुलं. त्यातली तीन माणसं कुठे आहेत हे कुणालाच ठाऊक नव्हतं. "ग्रामपंचायत बघून घेईल" असं सांगणारे गावात भेटतातच. मी अशा कामाला हात लावत नाही आणि ते पहिल्याच दिवशी सांगून टाकतो.

दोन: माळा. मुलीला हे आवडलं होतं. माजघरावर अर्धा लाकडी माळा, शिडी, वर झोपायची जागा. उंची मिळत होती. पण पत्र्याखाली मे महिन्यात माळ्यावर झोपून बघा म्हणजे कळेल. आणि खालच्या माजघराची उंची कायमची सात फुटांवर आली असती. मोकळं वाटण्यासाठी केलेल्या गोष्टीने घर आणखी दडपलं असतं.

तीन: काढायचं. वादळानंतर जे चढवलं ते उतरवायचं, पडवी उघडायची, सामान हलवायचं, उजेड आणायचा. खर्च दोन लाखांच्या आत. काकांना हा पर्याय फारसा पटला नाही. त्यांचं म्हणणं असं की पैसे घालायचे तर काहीतरी उभं राहिलेलं दिसायला नको का? अशी शंका मला दर तिसऱ्या कामात ऐकू येते आणि ती चुकीची नसते.

मुलाने मोबाइलवर पाहून आरशाची भिंत सुचवली होती. खारी हवा आरशाचा पारा दोन-तीन वर्षांत कडेने काळा करते, एवढं सांगितल्यावर तो विषय संपला.

निर्णयाची पहिली जागा: कपाट

जानेवारी २०२४ मध्ये काम सुरू केलं आणि पहिल्याच आठवड्यात मी चूक केली. फॉल्स सिलिंग उतरवायला माजघर मोकळं हवं होतं. थोरल्यांचं कपाट कुलूप असलेलंच चौघांनी उचलून पडवीत नेलं आणि वर ताडपत्री टाकली. काकांनी भावाला फोनवर "कपाट जरा बाजूला केलंय" एवढंच सांगितलं. मुलाने मात्र कुटुंबाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फोटो टाकला. उत्साहाने, बिचाऱ्याला काय माहीत.

रात्री फोन आला. "माझां कपाट हलवताना माका कोणी इचारल्यान?" त्यानंतर पाच आठवडे काम बंद. काकांनी भावाच्या शब्दाबाहेर जायचं नाही असं ठरवलं आणि मी त्यांना दोष देणार नाही. अर्धं सिलिंग उतरलेलं, अर्धं लोंबतंय, आणि त्याखाली आई हरिपाठ म्हणतायत.

थोरले आंगणेवाडीच्या जत्रेला, मार्चच्या सुरुवातीला आले. मी ठरवून गेलो. त्यांनी किल्ली काढली, कपाट उघडलं. वरच्या खणात त्यांच्या लग्नातल्या रुखवतातली स्टीलची भांडी, लेबलासकट. मधल्या खणात दहावीचं प्रमाणपत्र, वडिलांच्या मनीऑर्डरच्या पावत्या, एक बंद पडलेला ट्रान्झिस्टर. खालचा खण रिकामा. अगदी रिकामा. आम्ही सगळे त्या खणाकडे बघत राहिलो आणि कुणी काही बोललं नाही.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला की प्रश्न सामानाचा नव्हताच. घरात त्यांची स्वतःची म्हणावी अशी एकच वस्तू उरली होती. ते कपाट माजघरात उभं असेपर्यंत त्यांचा हिस्सा माजघरात उभा होता. सतरा नावांच्या सातबाऱ्यावर त्यांचं नाव असून जे समाधान मिळत नव्हतं, ते त्या कुलपात होतं. असल्या गोष्टी नकाशात येत नाहीत.

मग तिथेच बसून एक तोड काढली. कोठीच्या खोलीत ९ फुटांची एक भिंत पूर्ण मोकळी करायची. तिच्यावर तीन सारखी भिंत-कपाटं, प्रत्येक ३ फूट रुंद, ७ फूट उंच, २० इंच खोल. एकेका भावाला एक, प्रत्येकाला आपलं कुलूप. कोणाचं मधलं, कोणाचं कडेचं, यावरही अर्धा तास गेला. शेवटी आईंनी थोरल्यापासून डावीकडून क्रम लावून दिला. कोठीतली लाकडं आणि नारळ मागच्या मांगरात, म्हणजे परसातल्या खोपटात, गेले. दिवाण कोणाला नको होता हे त्याच बैठकीत बाहेर आलं. इतकी वर्षं प्रत्येकाला वाटत होतं की तो दुसऱ्याला हवाय.

निर्णयाची दुसरी जागा: पत्रा की कौल

काकींना कौलं हवी होती, काकांना पत्राच. काकांनी तौक्तेच्या दिवशी कौलं पत्त्यांसारखी उडताना पाहिली होती. त्यांचं भय खरं होतं, आणि "कौलं थंड असतात" एवढ्या उत्तराने ते जाणारं नव्हतं.

मंगलोरी कौलाला पाठीमागे एक कान असतो आणि त्यात भोक असतं. १८६५ साली बासेल मिशनने मंगळुरात या कौलांचा कारखाना काढला, त्यानंतर ती इथल्या घरांवर आली. ते भोक तार ओवून कौल रिपेला, म्हणजे वाशांवरच्या आडव्या पट्टीला, बांधण्यासाठीच आहे. आपल्याकडे सुतार सहसा ओवत नाही, कारण नुसती लावली तरी नेहमीच्या वाऱ्यात बसून राहतात. वादळात आधी उडतात ती पागोळ्यांच्या कडेची आणि दोन्ही टोकांची. वारा खालून शिरतो आणि कौल उचलतो. म्हणून असं ठरलं: पागोळ्यांकडच्या दोन ओळी, दोन्ही टोकांच्या दोन-दोन ओळी आणि आढ्याखालची एक ओळ तारेने बांधायची. आढ्यावरची कौलं पक्क्या मालात बसवायची. काका स्वतः शिडीवर चढून प्रत्येक तार ओढून बघायचे. सुताराला त्याचा राग आला, पण तो गप्प राहिला.

पुढचा उतार साधारण ६०० चौरस फुटांचा. वादळात वाचलेली कौलं मागच्या चौथऱ्यावर रचून ठेवलेली होती, त्यातली चांगली वापरली, उरलेली नवी आणली. कुजलेल्या रिपा बदलल्या. माजघरावर मुख्य कौलांखाली सिलिंगची सपाट कौलंही घातली, म्हणजे उंदरांची घाण आणि झाडांची पानं थेट ताटात पडत नाहीत.

फॉल्स सिलिंग पूर्ण उतरलं त्या दिवशी माजघर आठ फुटांवरून आढ्याशी पंधरा फुटांचं झालं. आई खाटेवरून वर बघत म्हणाल्या की ह्यांच्या वेळचे वासे अजून तसेच आहेत. "ह्यांच्या" म्हणजे सासऱ्यांच्या.

बाकी काय केलं

पडवीच्या स्लायडिंग खिडक्या काढल्या. खाऱ्या हवेने त्यांची चाकं अशी धरली होती की तीन उघडतच नव्हत्या. साडेतीन फुटी भिंत सोळा इंचांवर आणली आणि तिचाच बसायचा कट्टा केला, २२ फूट लांब. छताचा भार खांबांवर आहे, त्या भिंतीवर नाही, हे आधी खात्री करून घेतलं. कट्टा झाल्यावर खुर्च्यांची चळत लागेनाशी झाली. पडवी संपूर्ण उघडी ठेवावी असं मी काढलेलं होतं. काकींनी नकाशा बघितला आणि विचारलं, "माकडां इली की तेंका काय चाय देव?" बरोबर होतं. म्हणून कट्ट्यापासून वरपर्यंत आकेशियाचे उभे गज, चार-चार इंचांवर. २००९ च्या आधी जे होतं तेच, फक्त नवं. उजेड येतो, वारा येतो, समुद्राची रेघ दिसते, माकड येत नाही.

फ्रीज आणि खुर्च्या दारांच्या रेषेतून बाहेर काढल्या. आता पडवीत बसलेल्या माणसाची नजर भिंतींची जाडी धरून तीस फूट आत जाऊन मागच्या विहिरीवर टेकते. एका शेजारणीने हरकत घेतली की समोरासमोर दारं उघडी राहिली तर लक्ष्मी टिकत नाही. आईंनी उत्तर दिलं, "लक्ष्मीक येवक वाट तरी ठेवा." या कामात सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त जाणवणारा फरक कुठला विचाराल तर हाच. खर्च शून्य, वेळ अर्धा दिवस.

दक्षिणेची खिडकी चार बाय चारची केली. माजघराचा निळा ऑइलपेंट खरवडला. चिऱ्याची भिंत ओल घेते आणि सोडते, तिच्यावर ऑइलपेंट मारला की ओल आत कोंडते आणि रंग पापुद्र्यांनी सुटतो. इथेही तेच झालं होतं. वर चुना दिला, किंचित नीळ घालून. पांढरा चुना अंगावर पडलेल्या उजेडातला तीन-चतुर्थांशाहून जास्त परत फेकतो, त्या गडद निळ्याने तो गिळून टाकला होता. जमिनीला पांढऱ्या लाद्या मला हव्या होत्या. काकींनी दारातल्या तांबड्या मातीकडे बोट दाखवलं. जुना लाल कोबा घासून पॉलिश केला, तो आता आरशासारखा उजेड वर टाकतो. मी हरलो ते बरं झालं.

आणि खळं. दसऱ्यानंतर खळं चोपून, शेणाने सारवून, पोफळीच्या खांबांवर झावळ्यांचा माटव, म्हणजे मांडव, घालायची या घरात पद्धत होती. मजूर मिळत नाहीत म्हणून ती सुटली. हंगामी माटव हे बांधकाम नाही, पण नोव्हेंबर ते मे घराला एक आख्खी खोली मिळते. काकींनी ती पद्धत पुन्हा सुरू केली. मी फक्त पडवीची पायरी आणि माटवाचा पहिला खांब एका रेषेत घ्यायला सांगितलं.

खर्चाचा हिशोब: छप्पर ९६,०००, पडवी, गज आणि खिडकी ४१,०००, भिंत-कपाटं २७,०००, चुना आणि कोबा १४,०००, किरकोळ ६,०००. एकूण १,८४,०००.

काय झालं, काय बिघडलं

७ सप्टेंबर २०२४ ला गणपती बसले. माणसं एकोणीसच. माजघरात मोकळी जमीन १४३ पैकी १३० च्या वर. दुसऱ्या रात्री भजन आलं तेव्हा पखवाज आणि पेटी माजघरात, झांजवाले उंबऱ्याशी, ऐकणारे कट्ट्यावर. जावई पडवीत झोपला, आपल्याच सासुरवाडीच्या.

बिघडलेल्या गोष्टी तीन.

पहिली, काचेची कौलं. माजघराच्या खिडकीचं क्षेत्र अजून अपुरं पडतंय म्हणून मी आठ काच-कौलं घातली. माजघराचा उतार पश्चिमेकडचा. एप्रिलच्या शेवटी दुपारी तीननंतर त्या आठांमधून उन्हाचे आठ पट्टे उतरून जमिनीवरून सरकत देव्हाऱ्यापर्यंत जायचे. आईंनी माजघरात दुपारी बसणं सोडलं. पावसाळ्याआधी चार काढून साधी कौलं घातली आणि उरलेल्या चारांवर बाहेरून चुन्याचा पातळ हात मारला. आता उजेड दुधाळ येतो. शिवाय काच-कौल वारा देत नाही, हे मी बेरीज करताना सोयीस्करपणे विसरलो होतो. खिडकीच्या हिशोबात त्यांना धरायलाच नको होतं.

दुसरी, झड. पश्चिमेची पडवी उघडली की जूनमध्ये पाऊस आत येणार हे लहान मुलालाही कळतं. मी गुंडाळता येणारी जाड पारदर्शक ताडपत्री दिली. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात एका रात्रीत तिचे दोरी ओवायचे डोळे फाटले आणि कट्टा वितभर पाण्यात. भजन आलं त्या रात्रीही ती दोरीने बांधलेलीच होती. पुढच्या मे महिन्यात गजांच्या बाहेरून घडीच्या लाकडी झडपा केल्या, १९,००० रुपये. त्या आधीच करायला हव्या होत्या. पैसे वाचवायला गेलो आणि एक पावसाळा त्यांना भिजवलं.

तिसरी मला उशिरा कळली. दिवाळीत गेलो होतो, सगळे खुशीत होते, मी जरा फुगून विचारलं की आता कसं वाटतं. मुलगी कट्ट्यावर पुस्तक घेऊन बसली होती. ती म्हणाली, "सगळ्यांका जागा गावली. माका दार खंय?"

कपाटांच्या पाठीमागची ती १८ चौरस फुटांची निकामी पट्टी तिची खोली होती. पाट तिचा, उशी तिची, भिंतीवरचा तक्ता आवर्तसारणीचा. खिडकी कपाटांनी माजघराला बंद केली होती, तिला नाही. उलट घरातला सगळ्यात चांगला उजेड त्या पट्टीत पडायचा आणि दोन लोखंडी कपाटं तिच्या भिंती होत्या. दहावी, बारावी तिने तिथे केली. मी ते उचललं, खिडकी मोठी केली, उजेड सगळ्यांना वाटून दिला, आणि तिला सगळ्यांच्या डोळ्यांसमोर आणून बसवलं.

पुन्हा करायचं झालं तर

खडूने जमीन मोजली त्याच दिवशी आणखी एक प्रश्न विचारला असता: कोण, किती वाजता, कुठे बसतं? सकाळी सहा, दुपारी दोन, रात्री दहा. तो तक्ता तेव्हाच नीट पाहिला असता तर आवर्तसारणी अडगळीत कशी, हे विचारलं असतं. आता प्रत्येक घरात मी ही यादी आधी करतो, आणि घरातल्या सगळ्यात कमी बोलणाऱ्या माणसाकडून सुरुवात करतो.

सामान हलवायच्या आधी त्या सामानाच्या मालकाला स्वतः फोन करतो. घरातल्या माणसामार्फत निरोप पाठवत नाही. या कामात पाच आठवडे गेले ते तेवढ्या एका फोनपायी.

पडवी उघडायचा निर्णय मात्र मी तसाच घेईन. झडपांसकट.

मुलीसाठी उपाय कोठीतच निघाला. भावांच्या तीन कपाटांसमोर ७ बाय ९ ची जागा उरली होती आणि पूर्वेला लहानशी खिडकी. तिथे सुताराने दिवाणाच्या फळ्यांचं तीन बाय दोनचं टेबल करून दिलं. तांदळाचा पिंप अजून कोपऱ्यात आहे, त्यावर तिचा टेबलफॅन असतो. २७ ऑगस्ट २०२५ च्या गणपतीत मधले काका आपल्या कपाटातून काहीतरी काढायला म्हणून चार वेळा आत आले. तेव्हा लक्षात आलं की कोठीच्या दाराला आतून कडीच नाही, कारण कोठीला आतून कडी कशाला लागते? विसर्जनानंतर जाऊन ती मी बसवून आलो. बिजागऱ्यांना तेल आणि कडी मिळून साडेतीनशे रुपये.